बोणी आणि ओवाळणी

माझ्या घरी आता कामाला बाई येते. दिवाळीच्या आधी तिचं पाकीट भरताना दरवर्षी माझा हात अडतो. किती घालायचे म्हणून नव्हे. ते मी हात सैल सोडूनच घालते, नवरा म्हणतो तसं जरा जास्तच. अडतं ते शब्दापाशी. देताना तोंडाने काय म्हणायचं? सुरतेत सगळे म्हणतात, 'बोणी'. दुकानदाराला सकाळी पहिलं गिऱ्हाईक मिळतं तीही बोणी आणि घरी काम करणाऱ्यांना दिवाळीची जी खुशाली मिळते तीही बोणीच. माझी जीभ त्या शब्दाला वळत नाही. मी पाकीट पुढे करते, 'घ्या' म्हणते आणि गॅसवर काहीतरी करपतंय असं दाखवून आत पळते. बाईला वाटत असेल, ही बाई दिवाळीला दरवर्षी काहीतरी करपवते.

ह्याचं मूळ माझ्या मायच्या एका भाऊबीजेत आहे. खरं तर दोन भाऊबीजांत.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेतच नवागामला राहायचो. एक खोली, समोर गल्ली, गल्लीच्या तोंडाशी नळ. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, संचावर. माय उधन्याच्या एका सोसायटीत चार घरची कामं करायची, तीन गुजराती घरं आणि एक मराठी. आमची गल्ली सगळी धुळ्याकडची. दिवाळीला खाती बंद झाली की निम्मी गल्ली गावाला पळायची. आम्ही कधी गेलो नाही. घरकामाच्या बाईने दिवाळीत गावाला जायचं म्हणजे वर्षाची बोणी बुडवायची, आणि परत येऊन पाहायचं तर आपल्या जागी दुसरीच कोणी भांडी घासतेय. शिवाय मायला न्यायला येणार कोण? दिवाळीला सासरवाशिणीला न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून येतो. मायला भाऊच नव्हता. सगळ्या बहिणीबहिणीच.

भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तसंच करतात. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गच्चीवर जायची, बीजेची ती नखाएवढी कोर दिसली की ताट फिरवायची आणि खाली येऊन म्हणायची, "चांद ताटमा काईच टाकस नही. पन येस तं दरसाल." म्हणायची हसून. मला मात्र ते हसू कधी आवडलं नाही.

मग सुरतेत तिला भाऊ सापडला, असं तिचं तिनेच ठरवलं. मराठी घरातले साहेब बँकेत होते, साताऱ्याकडून बदली होऊन आलेले. माय काम मागायला गेली त्या दिवशी दार त्यांनीच उघडलं. मायने आपल्या मोडक्या गुजरातीत सुरुवात केली, तर ते मराठीत म्हणाले, "कुठल्या तुम्ही?"

"धुळाकडनी."

"म्हणजे आपल्याच की!"

एवढंच झालं. बाकीच्या घरांत शेंबडी पोरंसुद्धा तिला एकेरीत हाक मारायची. हा माणूस 'तुम्ही' म्हणाला, वर 'आपल्याच' म्हणाला. मायने ते पदराला गाठ मारून ठेवलं. त्या दिवसापासून ते 'भाऊ' आणि त्यांची बायको 'वैनी'. आता सुरतेत पानवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळेच 'भाई', तेव्हा त्या घराला त्यात काही विशेष वाटलं नसणार. त्यांना वाटलं, ही 'भाई'चंच मराठी करतेय. पण माय दुसऱ्या कोणालाही भाऊ म्हणायची नाही. दूधवाल्याला नाही, वाण्याला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला त्याचा संताप यायचा. साताऱ्याचा माणूस, बँकेतला, त्याचं आपलं नातं काय?

मी तेव्हा आठवीत होते आणि मला सगळ्याचीच लाज वाटायची. मायच्या चढ्या आवाजाची, आमच्या बोलीची, तिच्या हातांना येणाऱ्या भांड्याच्या पावडरीच्या वासाची. रस्त्यावर मी गुजराती फाडफाड बोलायची, मराठी येतच नाही अशा तोऱ्यात. पण सगळ्यांत जास्त लाज वाटायची ती बेसत्या वरसाच्या सकाळची.

आपला दिवाळीचा पाडवा तोच गुजरात्यांचा नव्या वर्षाचा दिवस. उजाडायच्या आत 'सबरस, सबरस' ओरडत मीठ विकणारी पोरं फिरतात. वर्षाची सुरुवात मिठाने व्हावी म्हणून लोक ते विकत घेतात. त्यांच्या मागोमाग बोणीवाले. झाडूवाला, पेपरवाला, धोबी, आणि आम्ही. माय मला बरोबर न्यायची, कारण मिळालेलं सामान तिला एकटीला आवरायचं नाही. दारात उभं राहायचं, बेल दाबायची, दार उघडलं की 'साल मुबारक' म्हणायचं आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणंच वाईट. शुभेच्छा देऊन झाल्यावरही माणूस जात नाही, म्हणजे तो कशासाठी उभा आहे हे दोघांनाही माहीत असतं. मी त्या वेळी खाली रांगोळीकडे बघायची. त्या सोसायटीतल्या सगळ्या रांगोळ्या मला पाठ होत्या.

तळमजल्यावरचे म्हातारे जाळीतूनच हात बाहेर काढून द्यायचे. वरचं एक घर मिठाईचा खोका द्यायचं आणि खोका तेवढा नंतर परत आणून दे म्हणायचं. मराठी घराच्या समोरच्या दारातल्या बेन साडी द्यायच्या, चांगली द्यायच्या, पण घडी मोडून दाखवून विचारायच्या, "गया वरस करतां सारी छे ने?" गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे ना? मायने "हा बेन, बहु सारी" म्हटल्याशिवाय ती साडी तिच्या हाताला लागायची नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच मायने वैनींना विचारून ठेवलं होतं, "वैनी, भाऊबीजले भाऊले ववाळू का?" वैनी फोडणी करत होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ओवाळ की, त्यात विचारायचं काय!" त्या बाई वाईट नव्हत्या. शिळं-पाकं कधी दिलं नाही, दुखलं-खुपलं विचारायच्या. मी त्यांच्याबद्दल पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना हे ध्यानात ठेवावं.

पाडव्याला सगळी घरं करून आम्ही त्यांच्या दारात गेलो. वैनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुझं उद्या गं. उद्या ओवाळायला येणारच आहेस ना? एकदमच होईल."

मायचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. जिन्यात मी तिला म्हणाले, "माय, त्या बोणीचं म्हणत होत्या. बोणी उद्या देणार आहेत."

"तुले काय समजस?" माय म्हणाली. "बोनी त्या पगारसंगे दी टाकतीन. उद्यानी ती मना भाऊनी ओवाळणी."

मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्या डोक्यात टपली मारली.

आणि मग तिने जे केलं त्याने मला घाम फुटला. मिळालेल्या बोणीतून ती बाजारात गेली आणि टॉवेल-टोपी घेऊन आली. पांढरी टोपी, पांढरा टॉवेल, लग्नात मानपानाला देतात तसा. ओवाळताना पुरुषाचं डोकं झाकलेलं हवं, आणि बहिणीकडून भावाला काहीतरी नको का? बाप खाटेवर लोळत होता. तो हसायला लागला. "बँकना साहेब टोपी घालई का वं?"

"भाऊ शे, घालई," माय म्हणाली.

भाऊबीजेला सकाळी उठून तिने स्टोव्हवर सांजोऱ्या केल्या. डबा माझ्या हातात, ताट तिच्या हातात, ताटावर रुमाल. लग्नातलं काठाचं पितळी ताट तिने चिंचेने घासून असं लखलखीत केलं होतं की वाटेत लोक वळून बघत होते. बोणीची साडी ती नेसली नव्हती. स्वतःची, घरात होती त्यातली बरी नेसली होती. ते तिने मुद्दाम केलंय हे मला कळलं, आणि आपल्याला कळलंय ह्याचाही राग आला.

वैनींनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. भाऊ लेंग्यावर बनियन घालून पेपर वाचत होते, त्यांना वैनींनी उठवून सदरा घालायला लावला. "चला, बसा नवरदेव!" मायने टोपी पुढे केली. भाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हसत घातली. ती त्यांना लहान झाली. डोक्यावर नुसती टेकवल्यासारखी बसली. वैनींना हसू आवरेना, मी पाटाभोवतीच्या रांगोळीकडे बघू लागले.

मायने कुंकू लावलं. तिच्या अंगठ्याला सोड्याने भेगा पडलेल्या होत्या. तो अंगठा कपाळाला लागल्यावर भाऊ हसायचे थांबले आणि नीट बसले. मायने अक्षता टाकल्या, ताट ओवाळलं. चंद्राला ओवाळताना तिने ताट इतकं सावकाश फिरवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या बेन वाटी परत द्यायला म्हणून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. वैनींनी आधीच तयार ठेवलेलं पाकीट आणि साडी भाऊंच्या हातात दिली, भाऊंनी ती ताटात ठेवली. साडी मोठी होती, निरांजनाला लागू नये म्हणून मायला ताट तिरकं धरावं लागलं.

"तमारामां बोणी भाईबीजे अपाय?" बेननी कौतुकाने विचारलं. तुमच्यात बोणी भाऊबीजेला देतात वाटतं?

वैनींना आपल्या गुजरातीची भारी हौस. त्या हसून म्हणाल्या, "हा, अमारे बोणी ने ओवाळणी बधुं साथे!"

आमच्याकडे सगळं एकदमच.

मायला गुजराती बोलायला मोडकं-तोडकं यायचं, पण समजायचं सगळं. ती एक क्षण ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. तिने साडी उचलली, पाकीट उचललं, माझ्या हातातल्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "हाई बोनी. कालनी. मना कष्टनी शे, मी लिसू." मग तेच ताट तिने पुन्हा भाऊंच्या पुढे धरलं. "आते ओवाळणी टाका, भाऊ. एक सुपारी टाका, बस."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. भावाकडे काही नसेल तर तो ताटात सुपारी टाकतो. तीही ओवाळणीच, पूर्ण ओवाळणी. पैशाचा त्यात संबंध नाही. माय सांगत होती की कामाचं कामाला, नात्याचं नात्याला. मला ते लख्ख समजलं, आणि त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच ते समजलेलं नाही हेही समजलं. त्यांना दिसत होतं ते एवढंच की कामवालीने बोणी पिशवीत घातली आणि ताट पुन्हा पुढे केलं.

"लो! बीजी वार?" बेन म्हणाल्या. दुसऱ्यांदा? आणि त्या हसल्या.

मी अशी लाजेने जळले की कान गरम झाले. मायचा पदर ओढून मी गुजरातीत म्हणाले, "चाल ने हवे!" चल ना आता. आपल्या आईशी मी गुजरातीत बोलले, म्हणजे बेनना वाटावं की ही पोरगी तरी सुधारलेली आहे.

भाऊंची मान लाल झाली होती. त्यांनी उठून खुंटीवरच्या पँटच्या खिशातून पाकीट काढलं आणि एक नोट ताटात ठेवली. वाईट चेहऱ्याने नव्हे, पण माणूस रिक्षावाल्याशी वाद नको म्हणून जास्तीचे देतो तशी. "घ्या हो. सणासुदीचं."

"नोट नको," माय म्हणाली. "सुपारी."

"सुपारीचं काय करणारेस तू?" वैनी म्हणाल्या. "देतायत तर घे की मुकाट्याने!"

मायने नोट उचलून पाटावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या मंग. सांजोऱ्या गरम शेत, खाई ल्या." तिने रिकाम्या ताटावर रुमाल टाकला आणि निघाली.

रस्त्यात मी तिच्यावर ओरडले. काय गरज होती, काय वाटलं असेल त्यांना, तू भिकाऱ्यासारखं दोनदा ताट पुढे केलंस. माय ऐकत चालत होती. नवागामच्या वळणाशी आल्यावर ती म्हणाली, "भाऊनी ओवाळणी बाकी ऱ्हायनी." गाडी चुकली, आता पुढच्या गाडीने जाऊ, अशा आवाजात. संध्याकाळी ती गच्चीवर गेली आणि चंद्राला ओवाळून आली. खाली आल्यावर नेहमीचं वाक्य काही म्हणाली नाही.

ती त्यांना भाऊच म्हणत राहिली. मला वाटलं होतं आता तरी साहेब म्हणेल. तिकडे भाऊ मात्र अवघडले. ती झाडायला खोलीत आली की पेपर घेऊन गॅलरीत जायचे, असं माय सांगायची. 'तुम्ही' तेवढं त्यांनी सोडलं नाही. वर्ष गेलं. पुढच्या पाडव्याला वैनींनी इतर घरांसारखीच दारात बोणी दिली आणि उद्याचं काही बोलल्या नाहीत. मायही बोलली नाही. उलट वैनी म्हणाल्या, "उद्या दुपारी येऊन जा गं जरा, माझा भाऊ येतोय बायकामुलांना घेऊन. भांडी खूप पडतील." माय म्हणाली, "येसू."

त्या भाऊबीजेला दुपारी मी गल्लीच्या नळावर पाणी भरत होते. सणाचं पाणी उशिरा आलं होतं, बायांची झुंबड होती. माझा हंडा नुकताच भरला होता आणि मी तो कमरेवर घेत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर थांबली. तिच्यावरून पँट-शर्टातला एक माणूस उतरला. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती आणि ती त्याला लहान होत होती.

पोरं लगेच गोळा झाली. भाऊंनी नळावरच्या बायांना विचारलं, "इथे एक बाई राहतात. उधन्याला कामाला जातात."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. नळावरच्या सगळ्याच उधन्याला कामाला जायच्या.

"धुळ्याकडच्या आहेत," ते म्हणाले.

ह्यावर बाया हसल्याच. "नाव काय तिचं, दादा?"

इतके दिवस भाऊंच्या घरचं ताट-वाटी घासणाऱ्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टोपीला हात लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि तेवढ्यात मी दिसले. "अगं, तू त्यांची ना?" सगळ्या नळाने माझ्याकडे बघितलं.

मला तिथून पळावंसं वाटलं. मी हंडा घेऊन पुढे चालू लागले आणि ते माझ्या मागे. गल्लीतून गटार वाहत होतं, त्यावरच्या फरशा डुगडुगत होत्या. ते एकेका फरशीवर जपून पाय ठेवत होते, आणि त्यांचा प्रत्येक पाय मला माझ्या पाठीवर पडल्यासारखा वाटत होता. खोलीत बाप पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर घोरत पडलेला. दोरीवर आमचे सगळ्यांचे कपडे. मी बापाच्या अंगावर चादर फेकली, स्टूल पुढे केलं आणि ओट्याशी भिंतीला चिकटून उभी राहिले. खोलीत एक वास होता. रोज येत असणार, मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आला.

"आई कुठे गेलीय?" त्यांनी विचारलं.

"कामावर."

"आज? सणाचं?"

"तुमच्याच घरी," मी म्हणाले. "तुमच्याकडे पाहुणे आहेत ना. वैनींनी भांड्यांना बोलावलंय."

मी हे मुद्दाम टोचायला म्हटलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. पण त्या माणसाच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला अजून दिसतं. मेहुण्याबरोबर जेवून, पान आणायला जातो असं काहीतरी सांगून तो टोपी खिशात घालून निघाला असणार. आमच्या दारी तो बहिणीकडे म्हणून आला होता, आणि दुपारी ज्या ताटात जेवला ते ताट त्या घटकेला माझी माय घासत होती. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवून तिच्या घडीवर बोट फिरवत बसला. बाप घोरत होता. मला वाटत होतं, उठावं आता ह्यांनी, जावं.

मग ते म्हणाले, "ते ताट आहे का? पितळेचं?"

मी फळीवरून ताट काढून दिलं. संध्याकाळसाठी मायने ते घासून ठेवलंच होतं. भाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली, शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि त्यातली सुपारी ताटात टाकली. अख्खी सुपारी. ती पितळेवर वाजली, ताटाच्या काठाशी जाऊन थांबली. ना कुंकू, ना दिवा, ना बहीण.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "भाऊ येऊन गेला म्हणून सांग."

ते गेले. स्कूटरचा आवाज लांब गेला तेव्हा मला केवढं सुटल्यासारखं वाटलं. मी दार लावून घेतलं.

माय दिवस कलताना आली. हातात वैनींनी दिलेला बासुंदीचा डबा, साडी पोटापाशी भिजलेली. नळावरच्या बायांनी तिला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं होतं, त्यामुळे ती आली तीच धापा टाकत. "भाऊ उना व्हता?"

मी ताटाकडे बोट दाखवलं.

ती ताटाजवळ खाली बसली. ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि सुपारी उचलून मुठीत धरली. मी तिला सगळं सांगितलं. स्कूटर, टोपी, नाव माहीत नव्हतं ते, काय म्हणाले ते. नाव माहीत नव्हतं हे तिने ऐकलंच नाही बहुतेक. तिचा चेहरा आदल्या वर्षीच्या पाडव्याला वैनींच्या दारात फुलला होता तसा फुलत होता. बाप जागा होऊन आमच्याकडे बघत होता. बाहेर बीजेचा चंद्र आला असणार, पण माय गच्चीवर जायला उठली नाही.

मग तिने वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग दाराशी ठेवलेल्या भरल्या हंड्याकडे.

"पानी तं दिधं ना वं, मना भाऊले?"

आमच्या घरचा पोचे पडलेला पेला त्यांच्या हातात द्यायची मला लाज वाटली होती. मी खाली बघितलं. आमच्या खोलीत बघायला रांगोळीही नव्हती.